बारा दिवस माझ्यात काही शिजलं नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना गंज आहे, जर्मनचा. आमच्या भागात ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात आणि मोठ्या पातेल्याला गंज. दीडशे मुलांची भाजी माझ्यात एका वेळी शिजत असे. आता माझं तोंड पांढऱ्या कापडाने बांधलेलं आहे, गाठीवर लाखेची मोहर आहे आणि कानाला एक चिठ्ठी अडकवलेली आहे. 'मासे शिजवण्यासाठी वापरलेले भांडे', असं तिच्यावर लिहिलंय. लिहिलेलं खरंच आहे. पण ज्या कामासाठी ती चिठ्ठी लावली, ते काम खोटं आहे. मला कुणी साक्षीला बोलावणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

माझा जन्म नागपूरकडच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याची एक गोल चकती चाकावर भिरभिर फिरवली, दाबत दाबत तिला पोट काढलं, काठ वळवला, दोन कान ठोकले आणि मी झालो. तिथून गडचिरोलीच्या भांड्यांच्या दुकानात आलो. तिथे मी वर्षभर उलटा टांगलेला होतो. मग एके दिवशी एका आश्रमशाळेचा शिपाई आला, त्याने मला बोटाने वाजवून पाहिलं आणि एसटीच्या टपावर बांधलं. आलापल्लीच्या पुढे रस्ता असा होता की मी दोऱ्यांतून सुटून दोनदा आपटलो. डाव्या अंगाला पोचा पडला तो तेव्हाचा.

शाळा एटापल्लीच्याही पुढे, जंगलात. गावाचं नाव मी सांगत नाही. नाव सांगितलं की लोक गावाला नावं ठेवतात, आणि गावाची त्यात काही चूक नाही.

तिथे मला सोनीबाई भेटली. सोनीबाई अहेरीकडची. नवरा गेल्यावर स्वयंपाकीण म्हणून या शाळेत लागली आणि तिथलीच झाली. चुलीवर चढवण्याआधी ती माझ्या बुडाला मातीचा लेप द्यायची, म्हणजे काजळी चिकटून बसत नाही. संध्याकाळी राख आणि नारळाच्या शेंडीने घासायची. मी जड होतो, तिची कंबर दुखायची, तरी मला घासायचं काम तिने दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. चुलीच्या धुराने तिचे डोळे कायम लाल असत.

बुधवारी आणि शनिवारी माझ्यात अंडी उकडत. पाण्याला आधण आलं की अंडी एकमेकांवर टकटक आपटायची. तो आवाज वर्गापर्यंत जायचा आणि पाढे म्हणणारी मुलं मधेच गप्प व्हायची.

याच आवाजामुळे सोमारीला वार समजले. सोमारी पहिलीत आली तेव्हा तिला माडियाखेरीज एक अक्षर येत नव्हतं. तिचं गाव डोंगरापलीकडे, दिवसभराच्या चालीवर. तीन महिने ती कुणाशी बोलली नाही. मग एका सकाळी चुलीजवळ आली आणि सोनीबाईला म्हणाली, "बाई, आज बुधवार काय?" तिच्या तोंडचं मराठीतलं पहिलं वाक्य ते. सोनीबाईने मिथुन सरांना हाक मारून ते पुन्हा म्हणवून घेतलं. सोमारी अंड्याचं पांढरं आधी खायची आणि पिवळं मुठीत धरून घंटा होईपर्यंत पुरवायची.

मिथुन सरांचंही सांगायला हवं. ते चंद्रपूरकडचे, कंत्राटावर लागलेले शिक्षक. स्वतः मांस, मासे, अंडी काही खात नसत. कॉलेजात असताना फी भरण्यासाठी त्यांनी कोंबड्यांच्या दुकानात दोन वर्षं काम केलं होतं. दिवसाला शंभर-शंभर माना त्यांच्या हातून कापल्या गेल्या. एका दिवशी हात थांबला तो थांबलाच. त्यानंतर त्यांनी मांसाला तोंड लावलं नाही. पण बुधवारी ते आपलं वरण-भाताचं ताट घेऊन बरोबर पहिलीच्या रांगेत बसायचे आणि लहान मुलांना अंडी सोलून द्यायचे. मी पुष्कळ माणसं जेवताना पाहिली आहेत. असं ताट दुसरं पाहिलं नाही.

मी स्वतःला धुतल्या तांदळासारखा म्हणवून घेत नाही. सव्वीस जानेवारीला शाळेत बोकड कापला जाई. सकाळी त्याचं ओरडणं मी ऐकायचो आणि दुपारी तोच माझ्यात रटरटायचा. मुलं बोटं चाटायची. ते ओरडणं मी विसरलो नाही. जीव जातो, तो जाताना दुखतं, हे भांड्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून कुणी म्हणालं, की आम्ही हे खाणार नाही, तर माझ्या मनात त्याच्याविषयी आदरच असतो.

तीन वर्षांपूर्वी असेच म्हणणारे लोक आमच्या शाळेत आले. दूरच्या मोठ्या शहरातली संस्था होती. त्यांनी पांढऱ्या फरशीचं नवं स्वयंपाकघर बांधून दिलं. त्यात स्टीलच्या टाक्या, वाफेची शेगडी, धूर काढणारा पंखा. सोनीबाईने त्या फरशीवर पाय ठेवताना चप्पल बाहेर काढली. तिला फार आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही. वीस वर्षांनी तिचे डोळे निवणार होते.

दारावर संगमरवरी पाटी लागली: 'या स्वयंपाकगृहात जीवहत्येचे अन्न शिजत नाही.' तीच देणगीची अट होती. उद्घाटनाला आलेले गृहस्थ मृदू बोलायचे. अंड्यात न जन्मलेलं पिल्लू असतं, ते आपल्याला आई म्हणून हाक मारू शकत नाही, असं सांगताना त्यांचे डोळे खरोखर भरून आले. अंड्याऐवजी रोज केळ आणि सोयाबीनच्या वड्यांची भाजी मिळेल, असं त्यांनी कबूल केलं. टाळ्या झाल्या. सोमारी तेव्हा तिसरीत होती. तिने मिथुन सरांना हळूच विचारलं, कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते, मग त्यात पिल्लू कुठून येते? सर म्हणाले, नंतर सांगतो.

नंतर त्यांनी मोठ्या सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना गाठलं. बोलणं जुन्या चुलीजवळच झालं.

"सर, मी दहा वर्षं झाली, अंडं खाल्लं नाई," मिथुन सर म्हणाले. "पण ते माझं मी ठरवलो. या पोरायचं कोन ठरवून राह्यलं?"

मोठे सर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी सोनीबाईच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं. असं स्वयंपाकघर सरकारकडे मागून जन्म गेला असता, म्हणाले. दोन अंड्यांसाठी हे परत पाठवू काय? मिथुन सर उठून वर्गावर गेले. मला लाकडांच्या खोलीत नेऊन उपडं घातलं.

सुरुवातीला सगळं कबूल केल्याप्रमाणे झालं. केळी येत. सोयाबीनच्या वड्या येत. मित्रांनो, वडीत काही वाईट नाही. तिच्यात ताकद असते, नीट मुरवली तर चवही लागते. मुलांनी तोंड वाकडं केलं नाही. पण पावसाळा लागला आणि नाल्यावरचा पूल पाण्याखाली गेला. केळी येईनात. आली ती काळी पडून, पाणी सुटून आली. वड्यांची पोती उशिरा येऊ लागली. मग एका ताटात सात वड्या होत्या त्या तीन झाल्या, आणि शेवटी रश्शात वडी शोधावी लागे. पूर्वी अंडी गावातूनच येत. पूल बुडाला तरी गावच्या कोंबड्या नाल्याच्या अलीकडेच होत्या. हे साधं गणित कुणाच्या ध्यानात आलं नाही. कागदावर मात्र रोज केळ होतं.

जंगलातली पोरं उपाशी बसून राहत नाहीत. पोट कसं भरायचं हे त्यांना पुस्तकाच्या आधीपासून येतं. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, सात्या म्हणजे रानातली अळंबी, तेंदूची टेंभरं, लाल मुंग्यांची चटणी, जे ज्या दिवसांत मिळतं ते. रविवारी सोमारी आणि तिच्या मैत्रिणी नाल्याच्या उथळ काठाला ओढणी लावून मासे धरू लागल्या. बोटाएवढे मासे. ते घेऊन त्या सोनीबाईकडे आल्या. नव्या स्वयंपाकघरात तर ते शिजवता येणार नव्हते. सोनीबाईने ओढणी हातात घेऊन मासे निवडले. मग लाकडांच्या खोलीत आली, मला सुलटं केलं, आतल्या कोळ्याची जाळी पुसली आणि मागच्या अंगणात तीन दगडांवर ठेवलं. हळद, मीठ, मिरची आणि आंबाडीचा पाला. एवढंच. पण कितीतरी दिवसांनी माझ्या बुडाला आच लागली होती.

दुसऱ्या रविवारी ओढणीत माशांबरोबर एक लहानसं कासव आलं. आठवीतली रिना म्हणाली, हेही टाकू, मास चांगलं असते. सोमारीने ते दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरलं.

"ह्याले नाई खात," ती म्हणाली. "हा आमच्या कुळाचा आहे."

तेवढ्यासाठी ती पावसात परत नाल्यावर गेली आणि त्याला सोडून आली. तोवर बाकीच्या मुली जेवल्या नाहीत. काय खावं आणि काय खाऊ नये, याचा विचार या लोकांत नसतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या दिवशी त्या अंगणात असायला हवं होतं. पहिल्या आंब्याची पूजा झाल्याशिवाय ते आंबा चाखत नाहीत. तिथे पाटी लावावी लागत नाही.

असे सहा रविवार झाले. सातव्या रविवारी संस्थेची माणसं अचानक पाहणीला आली आणि त्यांना मागून वास आला. मोठ्या सरांचा चेहरा पडला. पाहुणे गेल्यावर ते सोनीबाईवर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, तुझ्यामुळे स्वयंपाकघर परत गेलं तर धुरात बसणारी तूच असशील. त्यांनी मला लाकडांच्या खोलीत ठेवायला लावलं, बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

तिथून पुढचे बारा दिवस माझ्यात काही शिजलं नाही. हे बारा दिवस लक्षात ठेवा.

पाऊस थांबत नव्हता. आठ दिवस गाडी आली नाही. नव्या टाकीत पाण्यासारखं वरण आणि भात, भात आणि पाण्यासारखं वरण. सोनीबाईने दोनदा मोठ्या सरांकडे जाऊन सांगितलं, की पोरींचं पोट भरत नाही, गावातून अंडी आणू द्या, मी माझ्या घरी उकडून आणते. सर म्हणाले, दोन दिवस थांब. गाडी निघाली आहे.

लाकडांची खोली कुंपणाला लागून होती. तिची भिंत बांबूच्या तट्ट्याची, तिच्या फटीतून मला बाहेरचं दिसायचं. कुंपण चंद्रज्योतीचं होतं. झाड विषारी, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून तेच लावतात. शुक्रवारी मधल्या सुटीत रिना कुंपणाशी आली. तिने एक बी दगडावर फोडून आतला पांढरा गर खाल्ला आणि हसली. शेंगदाण्यासारखं लागते, म्हणाली. मग मुली येत गेल्या. सोमारीही आली. प्रत्येकीने ओच्यात बिया भरल्या आणि तट्ट्याला पाठ लावून बसून फोडल्या. माझ्यापासून दोन हातांवर. माझ्याकडे आवाज असता तर मी वाजलो असतो. पण भांडं स्वतःहून वाजत नाही.

शेवटच्या तासाला पहिली मुलगी ओकली. संध्याकाळच्या प्रार्थनेला उभ्या राहण्याआधी सतरा मुली आडव्या झाल्या होत्या. मिथुन सर कुंपणाकडे धावत आले, त्यांनी जमिनीवरची काळी टरफलं पाहिली, मूठभर उचलून खिशात घातली. रुग्णवाहिकेला नाला ओलांडता येत नव्हता. गावातल्या ट्रॅक्टरवर मुलींना टाकून पलीकडे नेलं. सोनीबाई दोघींची डोकी मांडीवर घेऊन बसली होती. पुढच्या दवाखान्यात नेल्या, त्यातल्या तिघींना गडचिरोलीला हलवलं. त्या तिघींत सोमारी होती.

सगळ्या वाचल्या. एवढं बरं झालं, आणि बरं झालेलं तेवढंच.

चौथ्या दिवशी नाल्याचं पाणी उतरलं आणि चौकशी आली. मोठ्या सरांनी स्वतःच्या हाताने कुलूप उघडून मला बाहेर काढलं. माझ्या कानाच्या खाली एक खवला वाळून चिकटला होता. तो सर्वांनी पाहिला. स्वयंपाकिणीने बाहेरून आणलेले मासे नियम मोडून शिजवले, त्यातून विषबाधा झाली, असं लिहिणं सुरू झालं. मिथुन सरांनी खिशातली टरफलं टेबलावर ठेवली. त्यांच्या जबाबात चंद्रज्योतीचं नाव होतं. मोठ्या सरांनी त्यांना बाजूला बोलावून समजावलं. बिया लिहिल्या, तर पोरींनी बिया काऊन खाल्ल्या हे विचारतील. मग केळ्यांचं विचारतील. मग स्वयंपाकघर जाईल, शाळेवर ठपका येईल, आणि कंत्राटाचं मी काही सांगू शकत नाही. टरफलं टेबलावरून कुणी उचलली ते मला दिसलं नाही.

दुपारी मिथुन सर बदलून लिहिलेला जबाब हातात घेऊन माझ्याजवळ आले. सोनीबाई तिथे पायरीवर बसली होती. सोमवार होता, तिचा उपास होता. सोमवारी ती मासळीचं भांडं शिवत नसे, पण त्या दिवशी तिचा हात माझ्या काठावर होता.

"मी सही करनार नाई, सोनीबाई," सर म्हणाले.

"करा."

"खोटं आहे ते."

"मले माहीत आहे, तुमाले माहीत आहे," सोनीबाई म्हणाली. "माही नोकरी तं गेलीच, सर. तुमी गेले तं या पोरायच्या भाषेत समजावून सांगनारा इथी कोन राहीन? करा सही."

सर तिच्या पाया पडायला वाकले. तिने पाय मागे घेतले. मग त्यांनी आत जाऊन सही केली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते असं होतं. त्यात संन्याशाच्या मित्राची सही असते.

मला कापडात बांधून ओसरीवर ठेवलं होतं, जीप यायची होती. तेवढ्यात मुखरू आला. सोमारीचा बाप. तो गडचिरोलीहून पोरीला घेऊन आला होता, तिची पत्र्याची पेटी न्यायला. सोमारी वाळून अर्धी झाली होती. मोठे सर पुढे होऊन म्हणाले, की असं मधेच शाळेतून काढू नको, पोरगी हुशार आहे, तिचं नुकसान होईल. मुखरूने पेटी डोक्यावर घेतली. तो फार मराठी बोलत नसे.

"शिकाले पाठवलो होतो, सर," तो म्हणाला. "उपाशी ठेवाले आमचं घर होतं."

सोमारीने सोनीबाईचा हात धरला, सोडला आणि बापामागे निघाली. फाटकापर्यंत मला तिच्या पावलांचा आवाज आला. कापडातून दिसत नव्हतं.

तेव्हापासून मी एका कचेरीच्या कोठीत आहे. शाळेचा जुना शिपाई कधी कामाने इथे येतो, त्याच्या तोंडून थोडंफार कळतं. सोनीबाई अहेरीकडे धानाच्या रोवण्याला जाते. डोळे आता बरे आहेत म्हणे. सोमारी परत आली नाही. मिथुन सरांचं कंत्राट वाढलं. बुधवारी ते जेवायला रांगेत बसत नाहीत, खोलीत बसतात. त्या स्वयंपाकघराला आदर्श म्हणून बक्षीस मिळालं, फोटो निघाला. फोटोत मुलांच्या हातात केळी होती. चांगली, पिवळी.

या कोठीची राखण करणारा माणूस दुपारी माझ्याशेजारच्या टेबलावर डबा उघडतो. डब्यात बहुतेक अंड्याची पोळी असते. तो पंख्याखाली बसून सावकाश खातो, बोटं पुसतो आणि रजिस्टरात आमची नावं तपासतो. त्याला खाताना कुणी काही विचारत नाही. विचारूही नये. तो त्याच्या घासाचा मालक आहे.

मित्रांनो, मला घासा, उजळा, पुन्हा चुलीवर चढवा, असं मी मागत नाही. माझे दिवस झाले. तुमच्यापैकी कुणाला बोकडाचं ओरडणं सहन होत नसेल, तर त्याने मांस सोडावं. मी ते ओरडणं ऐकलं आहे, तुमचं मन मला समजतं. वडी खा, वास्ते खा, डाळ खा. पण सोडायचं ते आपल्या ताटातलं सोडा. दुसऱ्याच्या ताटातलं काही उचलण्याआधी त्याच्या शेजारी मांडी घालून बसा, आठ दिवस तेच पाण्यासारखं वरण खा, आणि मग नवव्या दिवशी तुमचा हात उठतो का ते बघा.